चारचौघांसारखं म्हणजे नेमकं कुणासारखं?

रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की डोळे आधी एकच शब्द शोधतात. नॉर्मल. तो दिसला की जीव भांड्यात पडतो. ताप उतरला की तो 'नॉर्मलला आला' असं आपण म्हणतो. वादळ शमून गाड्या पुन्हा धावू लागल्या की 'आता सगळं नॉर्मल आहे'. इथपर्यंत हा शब्द बिचारा निरुपद्रवी असतो. पण कधीतरी कुणीतरी आवाज उतरवून म्हणतं, "तो मुलगा जरा... नॉर्मल नाही वाटत, नाही का?" मघापर्यंत माहिती देणाऱ्या शब्दाने आता निकाल दिलेला असतो.

या एका शब्दात दोन वाक्यं दडलेली आहेत. 'बहुतेकांचं असं असतं' हे एक आणि 'असंच असायला हवं' हे दुसरं. पहिलं वाक्य मोजून तपासता येतं. दुसरं कुणाच्या तरी मतातून, सवयीतून किंवा भीतीतून आलेलं असतं. 'नॉर्मल' म्हणताना पहिल्याचा हात धरून दुसरं गुपचूप आत शिरतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

याचं बीज शब्दाच्या जन्मातच आहे. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा, गवंड्याचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. भूमितीत लंब रेषेला आजही 'नॉर्मल' म्हणतात ते त्यामुळेच. गुण्या दोन कामं एकदम करतो. भिंत कशी आहे ते दाखवतो आणि कशी असायला हवी तेही सांगतो. भिंतीच्या बाबतीत हे योग्यच आहे, तिरकी भिंत अंगावर येते. पण 'नेहमीसारखा, सर्वसाधारण' या अर्थाने हा शब्द इंग्रजीत रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आणि तेव्हापासून तो गुण्या माणसांना लावला जाऊ लागला.

मराठीत हा शब्द येण्यापूर्वी आपलं काही अडलं नव्हतं. आपल्याकडे 'चारचौघांसारखं' होतंच. 'चारचौघांसारखं वाग', 'चारचौघांत शोभेल असं बोल'. गंमत म्हणजे हे चारचौघे कोण, ते आजवर कुणीही नाव-पत्त्यासकट सांगितलेलं नाही. त्यांचा शोध घ्यायचा गंभीर प्रयत्न मात्र झाला आणि तो एका खगोलशास्त्रज्ञाने केला.

ताऱ्यांचं गणित माणसांना

अडॉल्फ केतले हा बेल्जियममधला खगोलशास्त्रज्ञ. त्याच्या काळी आकाश निरखणाऱ्यांना एक अडचण कायम भेडसावायची. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा वेगळे आकडे येत. तारा तर एकच, मग खरा आकडा कुठला? तोडगा असा निघाला की सगळ्या आकड्यांची सरासरी काढायची आणि ती खऱ्या जागेच्या सर्वांत जवळची मानायची. उरलेले फरक म्हणजे मोजणाऱ्यांच्या चुका. या चुकांचा आलेख काढला की मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारा, घंटेसारखा आकार मिळतो.

केतलेने हीच युक्ती माणसांवर वापरली. त्याच्या हाती ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं आली. त्याने आलेख काढला तर पुन्हा तीच घंटा! सरासरी माप साधारण ४० इंच. इथपर्यंत सगळं बिनचूक होतं. पण यातून त्याने काढलेला अर्थ अजब होता. तो म्हणाला, समजा एकाच पुतळ्याच्या हजारभर प्रती काढल्या, तर प्रत्येक प्रतीत थोडी चूक होईलच, पण सगळ्या चुका मूळ पुतळ्याभोवतीच घुटमळतील. माणसांचंही तसंच. निसर्गाच्या मनात एक आदर्श, 'सरासरी माणूस' आहे आणि आपण सगळे त्याच्या थोड्याफार फसलेल्या प्रती आहोत. ही कल्पना त्याने १८३५ च्या ग्रंथात मांडली होती, पुढच्या लेखनात ती आणखी पक्की केली.

यातली मेख बघण्यासारखी आहे. ताऱ्याच्या बाबतीत एक खरी जागा असतेच, म्हणून तिथे फरकाला चूक म्हणता येतं. सैनिकांच्या बाबतीत असं एक 'खरं' माप नसतंच. ३६ इंची छातीचा माणूस म्हणजे ४० इंची माणसाची बिघडलेली आवृत्ती नव्हे. त्याचं माप ३६ आहे, बस. पण फरकाला एकदा 'चूक' हे नाव मिळालं आणि ते चिकटून बसलं. (वजन आणि उंचीवरून काढतात तो बीएमआय मुळात याच केतलेचा. लोकसमूहांचा अभ्यास करायला त्याने बनवलेलं सूत्र आज एकेका माणसाचं आरोग्य जोखायला वापरलं जातं.)

पुढच्या पिढीत इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टनने ही कल्पना उलटी केली. त्याच्या लेखी सरासरी म्हणजे आदर्श नव्हे, सुमार. मग माणसांना पायऱ्यांवर बसवायचं, वरच्यांना वाढवायचं आणि खालच्यांना कमी करायचं. या विचाराला त्याने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' असं नाव दिलं. त्याचा शेवट कुठे झाला ते ठाऊक आहे. अमेरिकेतल्या कायद्यांखाली ६० हजारांहून अधिक लोकांची सक्तीने नसबंदी झाली आणि नाझी जर्मनीत १९३३ च्या कायद्यानंतर सुमारे ४ लाखांची. कुणी ठरवलं? ज्यांच्या हातात गुण्या होता त्यांनी.

चार हजारांत एकही नाही

आता चारचौघांना प्रत्यक्ष शोधू.

१९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली. विमानाची कॉकपिट 'सरासरी वैमानिका'च्या मापाने बांधलेली असे. ते मोजमाप जुनं झालंय, नवी सरासरी काढली की काम भागेल, असा सगळ्यांचा समज होता. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने मात्र एक साधा प्रश्न विचारला. यातले खरोखर सरासरी असलेले किती जण आहेत?

त्याने दहा मापं निवडली. सरासरी म्हणजे तंतोतंत तो आकडा असाही हट्ट धरला नाही, आसपासचा ऐसपैस पट्टा धरला. मग गाळणी सुरू झाली. ४,०६३ जणांपैकी उंचीने सरासरीच्या पट्ट्यात बसणारे निघाले १,०५५. त्यांच्यातले छातीच्या मापानेही बसणारे ३०२. त्यातून बाहीची लांबी जुळणारे १४३. चौथ्या मापाला ७३ उरले, पाचव्याला २८, मग १२, मग ६, ३, २. दहाव्या मापाला उरले शून्य.

चार हजार तगडे, तरुण, निवडून घेतलेले पुरुष आणि त्यात दहाही मापांनी चारचौघांसारखा एकही नाही.

यात चमत्कार काही नाही, शाळेतलं गणित आहे. एका मापाला चौघांतला एक जण पट्ट्यात बसतो असं धरा. मापांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल तर दोन मापांना सोळांतला एक उरेल, तीन मापांना चौसष्टांतला एक. दहा मापांपर्यंत पोचेपर्यंत दहा लाखांतून एखादा. प्रत्यक्षात उंच माणसाचे हातही लांब असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून गळती थोडी मंद होते, पण थांबत नाही. तेही फक्त दहा मापांचं. माणसाला त्वचा आहे, झोप आहे, स्मरणशक्ती आहे, भीती आहे, भूक आहे, गर्दीत मिसळण्याची किंवा गर्दी टाळण्याची ओढ आहे. अशा शंभर गोष्टी धरल्या तर सगळ्या बाबतींत मधोमध बसणारा माणूस हा जगातला सर्वांत विचित्र प्राणी ठरेल. त्याला बघायला तिकीट लावावं लागेल.

सरासरी माणसासाठी बनवलेलं कॉकपिट कुणालाच नीट बसणारं नव्हतं. हवाई दलाने त्यातून घेतलेला धडा मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी 'योग्य' मापाचे वैमानिक शोधायचा नाद सोडला आणि पुढेमागे सरकणारी आसनं, हलवता येणारी पेडल, कमीजास्त करता येणारे पट्टे मागितले. आज कुठल्याही गाडीत बसल्यावर आपण सीट मागे सारतो, तेव्हा 'मीच कसा वेडावाकडा' असं कुणाच्या मनात येत नाही.

सरासरीची आणखी एक खोड आहे. ती गर्दीबद्दल खरं सांगत असतानाही त्या गर्दीतल्या एका माणसाबद्दल उलटं बोलू शकते. टायपिंगचं बघा. शंभर जणांना तपासलं तर वेगाने टाइप करणाऱ्यांच्या चुका साधारणपणे कमी निघतात, कारण ते सरावलेले असतात. यावरून मी 'वेग वाढवला की चुका कमी होतात' असा निष्कर्ष काढला आणि आज माझा वेग दुप्पट केला, तर माझ्या पानाची चाळण होईल. लोकसमूहाचा नियम एका माणसाच्या गळ्यात घालताना हा घोळ रोज होतो, शिक्षणात होतो, आहाराच्या सल्ल्यांत तर फारच होतो.

रिपोर्टमधला 'नॉर्मल'

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण डॉक्टरांचं नॉर्मल तरी पक्कं असेल? ते उपयोगी आहे, पण आपण समजतो तसं नाही.

रिपोर्टवर उजव्या बाजूला जी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते, ती बऱ्याच तपासण्यांत अशी ठरते. पुष्कळ निरोगी माणसं घ्यायची, त्यांचे आकडे मांडायचे आणि मधले ९५ टक्के ठेवून दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के कापायचे. म्हणजे व्याख्येनेच शंभरातली पाच निरोगी माणसं रेंजच्या बाहेर! आता एखाद्या धडधाकट माणसाने एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या करून घेतल्या, तर निदान एक आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. रिपोर्टवर ठळक अक्षरात बाण दिसतो, माणसाची रात्रीची झोप उडते आणि अनुभवी डॉक्टर मात्र त्याच्याकडे बघून शांतपणे पुढचं पान उलटतात.

तापमानाचं ९८.६ फॅरनहाइटही असंच. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून ३७ सेल्सिअस हा आकडा १८६८ मध्ये प्रसिद्ध केला. आजच्या मोजमापांत सरासरी त्याहून थोडी खाली येते. शिवाय एकाच माणसाचं तापमान पहाटे कमी आणि दुपार कलताना जास्त असतं. मुरलेल्या धावपटूची नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली असू शकते. तो त्याच्यापुरता ठणठणीत असतो. त्याची नाडी बसल्या जागी पंचाहत्तर झाली तर मात्र चौकशी करायला हवी, जरी तो आकडा 'नॉर्मल' असला तरी.

मग 'सर्रास' म्हणजे 'निरोगी' असंही नाही. दात किडणं ही जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या तक्रारींपैकी एक आहे, म्हणून किडका दात हा काही आरोग्याचा नमुना ठरत नाही. उलट, कुठलाही सूर ऐकताक्षणी कुठल्याही वाद्याच्या आधाराशिवाय अचूक ओळखणारे कान फार थोड्यांना असतात, पण त्यांना कुणी औषध देत नाही. 'किती जणांचं असं आहे' आणि 'हे चांगलं की वाईट' या दोन प्रश्नांची एकमेकांशी गाठ बांधलेली नाही. ती आपण बांधतो.

डोळे मिटून बघा

आतापर्यंत मापांबद्दल बोललो, ती दिसतात तरी. आतले फरक दिसतही नाहीत. त्यामुळे तिथे आपण सगळ्यांना बिनदिक्कत आपल्यासारखंच धरून चालतो.

एक साधा प्रयोग करून बघा. डोळे मिटा आणि सकाळी तुम्ही जिथे बसला होतात ती जागा डोळ्यांपुढे आणा. काय दिसतं? रंगीत, लख्ख चित्र? धूसर छाया? की काहीच नाही, फक्त 'तिथे टेबल होतं' ही माहिती? हा प्रश्न १८८० च्या सुमारास आपल्या त्याच गॉल्टनने विचारला होता. त्याने लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं. काही जणांनी वाट्याबशा मोजून दाखवल्या. काही शास्त्रज्ञ मात्र चक्रावले. 'मनःचक्षूंपुढे चित्र उभं राहतं' हा त्यांच्या मते निव्वळ बोलण्याचा अलंकार होता. लोकांना खरंच काही दिसतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

माणसांना पायऱ्यांवर बसवायला निघालेल्या माणसाच्या हाती हे असं लागावं, ही गोष्ट मला फार आवडते. इतके हुशार, नामांकित लोक चित्राविना विचार करत होते आणि त्यांचं काहीही अडलं नव्हतं. या अनुभवाला २०१५ मध्ये ॲडम झीमन या मेंदूतज्ज्ञाने 'अफँटेझिया' हे नाव दिलं. त्यानंतर कित्येक प्रौढांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की बाकीचे 'मेंढ्या मोजा' म्हणतात तेव्हा त्यांना खरोखर मेंढ्या दिसतात.

आपण 'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणतो, पण बहुतेक वेळा सुस्कारा टाकून, कुणाच्या तरी विचित्र वागण्याला हात टेकल्यासारखं. खरं तर ते वर्णन आहे, अगदी शब्दशः खरं.

गुण्या बदलतो

नॉर्मल ही निसर्गाने आखलेली रेघ असती तर ती जागची हलली नसती. ती चांगलीच हलते.

डावखुऱ्यांचं बघा. जगात साधारण दहांतला एक जण डावखुरा असतो. तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या अमेरिकी लोकांत स्वतःला डावखुरे म्हणवणारे शंभरात तीन-चारच निघत आणि शतकाच्या मध्यानंतर जन्मलेल्यांत ते दहा-बारा झाले. जन्माला येणारे डावखुरे वाढले म्हणून नव्हे, तर हातावर पट्टी मारून उजव्या हाताने लिहायला लावणं कमी झालं म्हणून. भाषेत मात्र जुनी खूण राहिलीय. सरस ठरणारा तो 'उजवा' आणि कुणाला मुद्दाम बाजूला सारायचं म्हणजे 'डावलणं'. शब्दातच डावा हात आहे.

याहून गंभीर उदाहरणं आहेत. १८५१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने एक 'मनोविकार' शोधला. त्याचं लक्षण एकच, गुलामाला पळून जावंसं वाटणं. मालकाच्या घरात गुलामगिरी नॉर्मल होती, म्हणून स्वातंत्र्याची ओढ हा आजार ठरला. समलैंगिकता अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या विकारांच्या यादीत होती ती डिसेंबर १९७३ पर्यंत. तिथून ती काढायचा निर्णय झाला, त्यावर वाद पेटला, तेव्हा १९७४ मध्ये सभासदांचं मतदान घेण्यात आलं आणि ५८ टक्क्यांनी तो निर्णय उचलून धरला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तेच केलं. ज्यांना आदल्या दिवसापर्यंत रुग्ण म्हटलं जात होतं त्यांच्या शरीरात, मनात रातोरात काहीही बदललं नव्हतं. बदलला तो गुण्या.

आजही तो किती सहज सरकतो त्याचं उदाहरण शाळेच्या वर्गात सापडतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची रेघ ३१ डिसेंबरला ओढलेली आहे. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल आपल्या वर्गातल्या जानेवारीच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिसेंबरच्या मुलग्यांना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं जड जाण्याचं, निदान मिळण्याचं प्रमाण जानेवारीच्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघालं आणि मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. याचा अर्थ एडीएचडी खोटा आहे असा नव्हे. पण सहा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या मुलांशेजारी बसवलं की त्याचं वयाला साजेसं चुळबुळणंही 'जास्तीचं' दिसतं. 'कुणाच्या तुलनेत?' हा प्रश्न विचारायचं राहून जातं.

या प्रश्नातूनच १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'न्यूरोडायव्हर्सिटी', म्हणजे मेंदूंची विविधता, हा विचार पुढे आला. तो मांडणाऱ्यांत स्वतः स्वमग्न (ऑटिस्टिक) असलेली माणसं मोठ्या संख्येने होती आणि त्यांनी तो इंटरनेटवरच्या आपसातल्या गप्पांतून घडवला. ज्यांच्याबद्दल बाकीचेच बोलत होते ते स्वतःबद्दल बोलू लागले, ही मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. स्वमग्नता, डिस्लेक्सिया, एडीएचडी हे फक्त बिघाड नव्हेत, मेंदू घडण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. त्यातल्या अडचणींचा मोठा भाग मेंदू आणि भोवताल यांच्या न जुळण्यातून येतो. डिस्लेक्सियाचंच घ्या. लिपी जन्माला येऊन पाचेक हजार वर्षं झाली आणि सगळ्यांनी वाचायलाच हवं ही अपेक्षा तर गेल्या दोनेक शतकांतली. त्याआधी अक्षरांशी न जमणारा मेंदू कुणाच्या लक्षातही आला नसता.

स्वमग्न माणसांना दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही, असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये यावर बोट ठेवलं. स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नसेल, तर इतरांना तरी त्याचं कुठे कळतं? दोन वेगळ्या घडणीची माणसं समोरासमोर आली की गैरसमज दोन्हीकडून होतो. फक्त एक बाजू संख्येने मोठी असल्यामुळे दोष दुसरीच्या नावावर लागतो.

पण सगळंच 'वेगळेपण' नसतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण या विचाराचा भाबडा वापरही फार होतो. 'नॉर्मल असं काही नसतंच, सगळेच वेगळे, सगळेच सुंदर' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ज्याला रात्रंदिवस कानात शिव्या देणारे आवाज ऐकू येतात, जी आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठू शकत नाही, ज्या मुलाला बोलता येत नाही आणि वेदना कुठे आहे ते सांगता येत नाही म्हणून ते डोकं आपटून घेतं, त्यांच्यापुढे हे वाक्य म्हणून बघा. घशात अडकेल. उपचार, औषधं, मदत हे काही गुण्याचे हस्तक नव्हेत. आणि निदानाचं नाव मिळाल्यावर अनेकांना शिक्का बसल्यासारखं वाटत नाही, सुटल्यासारखं वाटतं. 'मी आळशी नव्हतो तर', एवढं कळायला चाळिशी उलटलेली असते.

म्हणून 'हे नॉर्मल आहे का?' यापेक्षा मला दुसरे प्रश्न बरे वाटतात. याने कुणाला त्रास होतोय, त्या माणसाला की बघणाऱ्याला? बघणाऱ्यालाच होत असेल तर तो बहुधा सवयीचा प्रश्न आहे. त्या माणसाला होत असेल तर भोवताल बदलल्यावर तो त्रास जाईल का? डोळे दिपवणारा उजेड मंद केला, सूचना तोंडी न देता लिहून दिली, पायऱ्यांशेजारी उतार केला, तर किती उरेल? जो उरेल त्यावर उपचार शोधायचे, तेही त्या माणसाला विचारून.

चष्म्याला हे सगळं केव्हाच साधलंय. लांबचं न दिसणं ही शरीरातली उणीव आहे, आकड्यात मोजता येते. पण चष्मा सहज मिळतो, फळ्यावरचं दिसायला लागतं आणि चष्मेवाल्याला कुणी अपंग म्हणत नाही. चष्मा काढून त्याला रस्त्यावर उभं करा, मग बघा. अपंगत्वाचा असा विचार करण्याला 'सामाजिक प्रारूप' म्हणतात. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी तो १९७० च्या दशकात मांडला. शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने उभी केलेली अडवणूक वेगळी, असं त्यांचं म्हणणं.

हे फक्त कागदावरचं तत्त्वज्ञान वाटत असेल तर एका बेटाकडे बघता येईल.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. सतराव्या शतकात तिथे येऊन वसलेल्या काही कुटुंबांबरोबर आनुवंशिक बहिरेपण आलं. बेटावरची माणसं आपसातच लग्नं करत राहिली, त्यामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं. एकोणिसाव्या शतकात मुख्य भूमीवर हजारो माणसांमागे एखादा जन्मतः बहिरा असे, तर या बेटावर सुमारे १५५ माणसांमागे एक. चिलमार्क या तिथल्या गावात तर २५ माणसांमागे एक.

मग तिथल्या लोकांनी काय केलं? सगळेच खुणांची भाषा शिकले. शिकले म्हणजे वर्ग वगैरे लावले नाहीत, ऐकू येणारी मुलंही ती इंग्रजीसारखीच घरात, अंगणात उचलत. समुद्रावर आवाज पोचत नसे तिथे एका होडीतून दुसऱ्या होडीत खुणांनी बोलणं चाले. शाळेत मास्तरांची पाठ वळली की मुलं खुणांनी गप्पा मारत. जवळपास एकही बहिरा माणूस नसतानाही ऐकू येणारी दोन माणसं बोलता बोलता मधेच खुणांवर येत. बहिरी माणसं मासेमारी करत, शेती करत, ऐकू येणाऱ्यांशी लग्नं करत, गावच्या सभेत मत मांडत. कान चालत नव्हते, ही शारीरिक गोष्ट जशीच्या तशी होती. तिच्यामुळे येणारा एकटेपणा तेवढा नव्हता. पुढे बाहेरच्यांशी लग्नं होऊ लागली, बहिरी मुलं जन्मणं कमी झालं आणि त्या परंपरेतली शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ मध्ये वारली.

नोरा ग्रोस ही मानववंशशास्त्रज्ञ नंतर तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी गोळा करायला गेली. एका वृद्धेला तिने गावातल्या जुन्या दोन माणसांबद्दल विचारलं, त्या दोघांत काही सारखं होतं का? बाई म्हणाल्या, होतं तर, दोघेही फार चांगले मासेमार होते. ग्रोसने जरा खोदून विचारलं, दोघेही बहिरे नव्हते का? बाईंनी क्षणभर आठवून पाहिलं. हो की, आता तुम्ही म्हणताय तर, दोघेही बहिरे होते बहुतेक.